असामान्यांची रांग

अमेरिकेच्या 1990च्या इमिग्रेशन कायद्याने ‘असामान्य गुणवत्ता’ असलेल्यांसाठी ग्रीनकार्डाचा वेगळा दरवाजा उघडला. त्याचं नाव ईबी-1ए. इथे नोकरी देणारी कंपनी लागत नाही. उमेदवार स्वतःच अर्ज करू शकतो. नोबेलसारखा एक पुरस्कार पुरे. तो नसेल, तर दहापैकी किमान तीन निकष पुराव्यानिशी दाखवायचे. त्यांत शोधनिबंध येतात, इतरांच्या कामाचं परीक्षण येतं, घसघशीत पगारही येतो! आत्मस्तुती वाईट, असं ऐकत वाढलेल्या मराठी संशोधकाला हे जडच जात असणार.

तीन निकष जुळले म्हणजे काम फत्ते, असंही नाही. 2010च्या कझारियन खटल्यानंतर अधिकारी आधी पुरावे मोजतात, मग त्यांचं एकत्रित वजन जोखतात.

त्यापुढे ग्रीनकार्डांवर देशागणिक 7 टक्क्यांची मर्यादा आहेच. भारतात जन्मलेल्या असामान्यांनाही मग रांग चुकत नाही. ईबी-2 या त्याखालच्या गटापेक्षा ती छोटी, एवढंच.