राजीनाम्याआधीची वर्षं

माझा राजीनामा मेलच्या ड्राफ्ट्समध्ये आठ महिने पडून आहे. दर रविवारी रात्री उघडतो, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करतो आणि बंद करतो. मला चित्रकार व्हायचंय. आर्ट स्कूलचं तोंड पाहिलेलं नाही. जे काही येतं, ते कागद खराब करून आलेलं.

पुण्यातले मित्र म्हणतात, "मार रे उडी, आयुष्य एकदाच मिळतं." दिवाळीत यवतमाळला गेलो तर बाबा म्हणाले, "रविवारी काढ ना चित्रं, कोन नाही म्हनते? पगार काऊन सोडतं?" बाबांची पाच एकर कोरडवाहू, कापसाची. पाऊस आणि भाव, दोन्ही दुसऱ्याच्या हातात. अशा घरात एक तारखेला ठरलेली रक्कम येणं म्हणजे काय, ते मित्रांना नाही कळायचं. त्यामुळे बाबांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अशा चर्चेत मित्र हमखास कृष्ण खन्नांचं नाव काढतात. ग्रिंडलेज बँकेतली नोकरी १९६१ मध्ये सोडली, १९६२ मध्ये रॉकफेलर फेलोशिप, २०११ मध्ये पद्मभूषण. बघ, उडी मारली म्हणून झालं!

पण किस्सा अर्धाच सांगतात ना राव. फाळणीनंतर लवकरच खन्ना बँकेत लागले, ते थेट १९६१ पर्यंत. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर लाहोरचे संध्याकाळचे वर्ग, बाकी स्वतःचं स्वतः. मुंबईत नोकरी सांभाळून चित्रं काढली, प्रदर्शनांत लावली. हुसेन, गायतोंडे, रझा हे मित्र. होमी भाभांनी टीआयएफआरसाठी त्यांचं चित्र विकत घेतलं, तेव्हा खन्ना बँकेतच होते. म्हणजे १९६१ मध्ये त्यांनी फक्त बँक सोडली. चित्रकार ते कधीच झाले होते. शिवाय शाळेचं काही शिक्षण इंग्लंडमध्ये झालेलं. पडलो तर खाली काय आहे, हा हिशोब सगळ्यांचा सारखा नसतो.

माझं मत एवढंच, की आर्ट स्कूल तीन गोष्टी देतं: चार-पाच वर्षं, रोजचा सराव आणि "हे फसलंय" असं तोंडावर सांगणारी माणसं. स्वतः शिकणाऱ्याला तिन्ही स्वतःच जमवाव्या लागतात, आणि तोवरचा खर्च पगार देतो. आता नोकरी संध्याकाळच गिळत असेल, रात्री अकराला क्लायंटचे कॉल असतील, तर ती नोकरी जरूर बदलावी. पण राजीनामा दिला की हात आपोआप वळेल, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

माझाच हिशोब बघा. आठ महिन्यांत मसुदा तीसेक वेळा दुरुस्त केला. चित्रं? अकरा. त्यातली दुसऱ्या कुणाला दाखवली ती दोन.

म्हणून ठरवलंय, शंभर चित्रं होईपर्यंत तो मेल उघडायचा नाही. प्रत्येक चित्र निदान एका तरी खडूस माणसाला दाखवायचं. मग बघू.

काल बाबांना हे फोनवर सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. मग जरा थांबून, "आपल्या सर्ज्याचं काढशीन का एखादं? इकला तवा फोटो काढाचाच राह्यला."

असो. बारावं चित्र बैलाचं.