गादी झिजली म्हणून मणके जोडू नका

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कडा परिसरातून ऊसतोड मजुरांच्या जोड्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. ती फिटायची तर अंधार असतानाच फडात उतरावं लागतं. ऊस बुडख्याशी तोडायचा म्हणजे कमरेतून वाकूनच राहायचं. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढायचं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत हेच. अशा माणसाची कंबर चाळिशीच्या आत धरते यात नवल नाही.

पुढचं मात्र संतापजनक आहे. मजूर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जातो, एमआरआय निघतो, फिल्म उजेडाला धरली जाते. 'एल-फोर, एल-फाइव्हची गादी गेली. गॅप आलाय. स्क्रू टाकून मणके जोडावे लागतील, नाहीतर पाय जातील.' पाय जातील म्हटल्यावर कोणतं घर शांत राहील? दागिना मोडतो, पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतली जाते.

गादी झिजते ती वयानं, आणि दुखणं नसलेल्यांचीही झिजते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र अभ्यासल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांची गादी झिजलेली निघाली, चाळिशीतल्या ६८ टक्क्यांची. नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरवायचं तर निम्मं गाव टेबलावर घ्यावं लागेल.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि अल्बी यांनी सुरू केली, ती क्षयानं पोखरलेल्या मणक्यांसाठी. तिथं ती योग्यच होती. झिजेच्या कंबरदुखीसाठी तिची कसोटी पुष्कळ उशिरा लागली. २००१ च्या स्वीडनमधल्या चाचणीत ती नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा सरस ठरली, हे खरं. पण नॉर्वेत २००३ साली नीट आखलेला व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन यांच्याशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही गट बरोबरीत आले. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवरच्या २००५ च्या चाचणीतही शस्त्रक्रियेचा ठळक फायदा दिसला नाही. तिथल्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं : कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं ऑपरेशन संशोधनाच्या चाचणीबाहेर सुचवू नका.

मजुराला तर वेगळाच हिशेब लागू पडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कामावर जायबंदी झालेल्यांच्या नोंदी २०१० साली तपासल्या गेल्या. मणके जोडलेल्यांपैकी दोन वर्षांनी २६ टक्केच कामावर परतले होते. ऑपरेशन न केलेल्यांपैकी ६७ टक्के. हा नोंदींचा अभ्यास आहे, अंतिम निकाल नव्हे. तरी ज्याचं पोट कोयत्यावर आहे त्याला हा आकडा ऑपरेशनआधी कळायलाच हवा.

भीती घालून केलेली ऑपरेशनं बीड जिल्ह्यानं एकदा भोगली आहेत. तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचा आकडा २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिला. तेव्हा कॅन्सरची भीती घातल्याचं ऊसतोड बायकांनी सांगितलं होतं. आज कमरेच्या रुग्णाला पाय जाण्याची भीती घातली जाते. गर्भाशयाच्या ऑपरेशनला नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं, पण तोवर हजारो बायका टेबलावरून उतरल्या होत्या.

काही दुखण्यांत मात्र एक दिवसही दवडू नये. लघवी-शौचाचा ताबा सुटला, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडत चाललं, तर ताबडतोब मोठं रुग्णालय गाठावं. क्षय, गाठ, मोडलेला किंवा अस्थिर मणका यांतही ऑपरेशन लागू शकतं. नस दबली असेल तेव्हाही ती मोकळी करणं आणि स्क्रू टाकून मणके जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्वीडनमध्येच २०१६ साली अरुंद झालेल्या मज्जामार्गाच्या २४७ रुग्णांत नस मोकळी करण्याच्या जोडीला मणके जोडून दोन वर्षांनी जास्तीचा फायदा आढळला नाही. 'जोडणी कशासाठी?' हे रुग्णानं विचारलंच पाहिजे, आणि उत्तर लेखी मागितलं पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

सरकारला एवढंच सांगणं : झिजेसाठी मणके जोडण्याआधी सरकारी तज्ज्ञाचं दुसरं मत सक्तीचं करा. आष्टी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कायम फिजिओथेरपिस्ट नेमा. आणि फडावर मोळीचं वजन ठरवून द्या, ट्रक भरायला यंत्र द्या. त्याचा खर्च कारखान्यांनी उचलावा, मजुराच्या उचलीतून एक रुपयाही कापू नये.