खांब कुणाच्या हद्दीत?

पगाराच्या दिवशी रात्रीची पाळी सुटल्यावर तारापूर एमआयडीसीतून खोलीवर निघालेल्या कामगाराला गाठायला लुटारूला फार डोके चालवावे लागत नाही. पाळी कधी सुटते हे सगळ्यांना ठाऊक. कारखान्याची मागची भिंत, उघडा नाला, टँकरची रांग आणि बंद पडलेले दिवे असा तो रस्ता. लुटला गेलेला माणूस बहुधा परराज्यातला. भाडेकरार नाही, दुसऱ्या दिवशीचा खाडा परवडत नाही. तो पोलीस ठाण्याची पायरी चढतच नाही, आणि कागदावर वस्ती शांत दिसते.

1969 मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली, 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. माणसे येत राहिली, शहर मात्र कुणी आखले नाही. बोईसर, सरावली, पास्थळ, कोलवडे ही कागदोपत्री वेगवेगळी गावे. चालत जाणाऱ्याला एकच सलग वस्ती. 2011 च्या जनगणनेतच एकट्या बोईसरची लोकसंख्या 36 हजारांवर होती. एवढी वस्ती वाढली ती ग्रामपंचायतींच्या तुटपुंज्या बळावर. दिवा गेला की आधी खांब कुणाचा ते शोधायचे: ग्रामपंचायतीचा, एमआयडीसीचा, की बांधकाम खात्याचा?

गुन्हा माणूसच करतो आणि शिक्षा त्यालाच व्हायला हवी. पण संधी जागा देते. मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळच्या ओसाड शक्ती मिलमध्ये 22 ऑगस्ट 2013 रोजी एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर उघड झाले की, 31 जुलैला त्याच आवारात आणखी एका तरुणीवर असाच अत्याचार झाला होता. तिची तक्रार आधी नोंदलीच गेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली काही सरकारी गृहवसाहतींत जादा दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

चोरी झाली की बोट परप्रांतीयांच्या चाळींकडे जाते. ही सवय सोडली पाहिजे. समाजशास्त्रज्ञ शॉ आणि मॅके यांनी 1942 मध्ये शिकागोबद्दल दाखवून दिले होते की, वस्तीत राहणारे समाज बदलत गेले तरी बालगुन्हेगारी त्याच भागांत टिकून राहिली. आपल्याकडे तर या चाळींतली माणसेच आधी लुटली जातात.

जिल्हाधिकाऱ्यांनी बोईसर स्थानक ते एमआयडीसी या पट्ट्यातल्या प्रत्येक खांबाला क्रमांक आणि एक जबाबदार खाते नेमून द्यावे. दुरुस्तीची मुदत खांबावरच लिहावी. पोलिसांनी पाळी सुटण्याच्या वेळी गस्त घालावी आणि हद्दीचा वाद न घालता तक्रार घ्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. माल न्यायला कारखान्यांना रात्रभर गाड्या मिळतात. तोच माल तयार करणाऱ्यांना वस्तीपर्यंत सोडणारी बस त्यांनी सुरू करावी, आणि ती पुढच्या पगाराच्या आत.