विश्वस्तांच्या वह्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या पेठांत वह्या पूजेला मांडल्या जातात. त्या वह्यांतला नफा-तोटा मालकाच्या घरचा. या वर्षी आम्हाला बोलायचे आहे ते देवस्थानांच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि धर्मशाळांच्या वह्यांबद्दल. त्यांतला पैसा ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या नजरेला त्या सहसा पडत नाहीत.

मराठवाड्यात अशी मालमत्ता थोडीथोडकी नाही. निजामी अंमल संपल्यावर स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्यानंतर शाळा-महाविद्यालयांच्या कितीतरी संस्था निघाल्या. त्यांना कुणी जमीन दिली, कुणी वर्गणी. सोसायटी म्हणून नोंदलेली अशी संस्थाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार सार्वजनिक न्यासच असते. शहाणा माणूस स्वतःच्या व्यवहारात जेवढी काळजी घेतो, तेवढीच विश्वस्ताने न्यासाच्या व्यवहारात घ्यावी, ही या कायद्याची अपेक्षा आहे. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय त्याला न्यासासाठी कर्जही काढता येत नाही. तरीही अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे आणि सचिवपद सुनेकडे जाते, धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ (बदल अहवाल) दाखल होतो, आणि गावही संस्थेला त्या घराण्याच्या नावानेच ओळखू लागते. घराणे सेवा करत असेल तर तिचा मान राहावा. पण सेवेतून मालकी तयार होत नाही.

देवस्थानाच्या इनामी जमिनीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन पुजाऱ्याच्या हाती वहितीला राहते. दोन-तीन पिढ्या गेल्या की वहिवाट हाच हक्क वाटू लागतो, सातबाऱ्यावरच्या नोंदी सरकतात, आणि शहर वाढत त्या शिवारापर्यंत आले की प्लॉटिंगची बोलणी सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंदिरांच्या प्रकरणात सांगितले की जमिनीचा मालक देव आहे. पुजारी व्यवस्था पाहतो, मालकीच्या रकान्यात त्याचे नाव येणार नाही. आपल्याकडे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ आहेच. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदलीत द्यायची किंवा दान द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देतानाही ती लागते. अकरा महिन्यांचा करार वर्षानुवर्षे त्याच माणसाशी, त्याच जुन्या भाड्याने होत राहिला, तर तीन वर्षांची ती मर्यादा कागदावरच उरते. भाडे बाजारभावाच्या जवळपास आहे का, हे पाहणे विश्वस्ताच्या कर्तव्यातच येते.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराला १९५६ पासून स्वतंत्र कायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गुरुद्वाराच्या मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवायचे ठरवले, तेव्हा शीख समाजाने तीव्र विरोध केला आणि सरकारला थांबावे लागले. आपल्या गुरुद्वाराची व्यवस्था कोणाच्या हाती राहावी, याची एवढी जाग त्या समाजाला आहे, याचा आम्हाला मनापासून आदर वाटतो. तशी जाग गावच्या मंदिराबद्दल आणि तालुक्याच्या कॉलेजबद्दलही हवी.

त्यासाठी वाट आहे. देवळात नेमाने पूजेला जाणारा साधा भाविकही कायद्याने ‘हितसंबंधित व्यक्ती’ ठरतो. हिशेब देण्यात सतत कसूर करणाऱ्या किंवा न्यासाचा पैसा हडपणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्यासाठी तो कलम ४१ड खाली अर्ज करू शकतो. सोसायटीच्या बाबतीत मात्र ही व्याख्या सभासदाचे नाव घेते. विद्यार्थ्याचा उल्लेख करत नाही. ज्याच्यासाठी संस्था निघाली त्यालाच तिथे स्थान नाही, हे आम्हाला खटकते, आणि विधिमंडळाने ही उणीव दूर करावी अशी आमची उघड मागणी आहे.

तोपर्यंत या सुट्टीत एवढे करा. आपल्या गावच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक शोधा, धर्मादाय कार्यालयातून तिचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा आणि लेखापरीक्षण अहवाल यांच्या नकला मागा. उताऱ्यावरचे गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहा. लेखापरीक्षकाने भरून द्यायच्या प्रश्नावलीत कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको आहे का, असा एक प्रश्न असतो. त्याचे उत्तर आधी वाचा.