ओटा कोणी राखायचा?

पाँडिचेरीहून परतलेली मंडळी आश्रमाचे, समुद्राचे आणि पिवळ्या भिंतींवरच्या बोगनवेलीचे कौतुक सांगतात. त्यात खोटे काही नाही. पण ते वर्णन अर्ध्याच गावाचे झाले. मधल्या कालव्याच्या पूर्वेला फ्रेंच वस्ती आणि पश्चिमेला तमिळ वस्ती, अशी या गावाची जुनी वाटणी आहे. माझे मन रमले ते पश्चिमेकडे. कारण तिथल्या घरांना चक्क ओटा आहे! त्याला 'तिण्णै' म्हणतात. वाटसरूने घटकाभर टेकावे, म्हणून तो बांधायचा. आत गेले की मध्ये उघडा चौक. वाड्यात वाढलेल्या माणसाला तमिळचे अक्षर कळत नसले तरी हे घर कळते.

आता ही घरे राखायची कोणी? आपण चार दिवसांचे पाहुणे म्हणतो, "किती सुंदर! पाडू नका हं!" म्हणायला आपले काय जाते? ज्याच्या घराला चार भाऊ वाटेकरी आहेत, तुळई कुजली आहे आणि त्याच जागेवर तीन मजले चढवले तर भाडे हाती येणार आहे, त्याला सौंदर्याचे पाठ देऊन काय उपयोग? वैश्याळ रस्त्यावर हे कोणाच्या तरी ध्यानात आले. 'इन्टॅक' संस्था, स्थानिक सरकार आणि युरोपीय संघ यांनी मिळून तिथल्या घरांचे दर्शनी भाग दुरुस्त करवले. खर्चाचा काही भार योजनेने उचलला, काही मालकांनी. २००८ साली युनेस्कोने त्या रस्त्याला पारितोषिक दिले. नुसती बंदी घातली असती, तर मालकांनी घर आपोआप पडायची वाट पाहिली असती, असे आपले मला वाटते.

बरे, सरकारी इमारतीला तर भाऊबंदकी नसते ना? मग 'मेरी'ची हकीकत ऐका. ही बाई नव्हे. फ्रेंच भाषेत नगरभवनाला मेरी म्हणतात. १८७०च्या सुमाराची ही देखणी इमारत अगदी समुद्रासमोर उभी होती. ती पाडा, असे कोणीच म्हणत नव्हते. राखायचीच, यावर सर्वांचे एकमत! फक्त दुरुस्तीची बोलणी वर्षानुवर्षे चालली. तिकडचा मोठा पाऊस आषाढात नव्हे, दिवाळीच्या आगेमागे येतो. २०१४च्या नोव्हेंबरात तो असा कोसळला की मेरीच खाली बसली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ती पुन्हा तशीच उभारली आणि २०२१च्या फेब्रुवारीत तिचे उद्घाटन झाले. नवी इमारत छान आहे. पण ती नवी आहे.

चुन्याच्या बांधकामाचा स्वभावच निराळा. चुना ओल घेतो आणि सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते, आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कोणाला न दिसता कुजते. खारी हवा त्यात आणखी भर घालते. यावर उपाय फार मोठा नाही : पावसाआधी गच्चीच्या भेगा चुन्यानेच बुजवायच्या, पन्हळी साफ करायच्या, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढायचा. या खर्चाला उद्घाटन नसते, कोनशिलाही नसते. म्हणून समितीच्या कागदावर तो शेवटी येतो. मला विचाराल तर वारसा-इमारतींच्या यादीत प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना हवा : यंदा हिच्या गच्चीवर कोण चढले होते?