फुलाचं नाव ठाऊक, चितारणाऱ्याचं?

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी रानभाजी महोत्सव झाला. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, शेवळं... पाड्यांवरच्या बायकांनी टोपल्या भरभरून आणल्या होत्या. मंडपाच्या दारात मोठा फलक आणि त्यावर बारा भाज्यांची सुरेख रंगीत चित्रं. आमच्या बचत गटातल्या एकीच्या लेकीने काढलेली. दीड महिना खपत होती पोर त्यासाठी. फलकावर पाहुण्यांची नावं होती, फोटो होते, खाली कोपऱ्यात छपाईवाल्याचं नाव आणि मोबाइल नंबरसुद्धा होता. पोरीचं नाव कुठेच नाही. विचारलं तर संयोजक म्हणाले, "अहो ताई, जागाच उरली नाही."

तिची आई म्हणाली, "जाऊ द्या ताई, चित्रं तर लागली ना!" मला मात्र ते काही जाऊ देता येईना.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या क्यू उद्यानात 'फ्लोरा इंडिका' नावाचं प्रदर्शन उघडलं. १७९० ते १८५० या काळात इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेली झाडाफुलांची पन्नासावर चित्रं त्यात मांडली होती. प्रदर्शनाचा भर होता, ती काढणारे हात कुणाचे हे पुढे आणण्यावर. म्हणजे पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी विचारपूस सुरू झाली. ती बातमी वाचली आणि आमचा फलक डोळ्यांपुढे आला.

कुणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये फोटो निघतो, चित्र हवंय कशाला? शेवळाचंच बघा. पहिल्या पावसात जमिनीतून येतो तो त्याचा फुलोरा, पान त्याच्या मागून येतं. दोन्ही एका वेळी ऐन भरात दिसत नाहीत, मग एका फोटोत यायची कशी? करटुलीच्या नर आणि मादी वेली वेगळ्या. फळ धरतं ते मादी वेलीवर. हे आपल्या सासवांना ठाऊक असतं, पण नुसत्या फोटोवरून शहरातल्या बाईला कसं कळणार? चित्रकार मात्र कंद, पान, फुलोरा, फळ, आडवं कापून दाखवलेलं बी, सगळं एका कागदावर आणतो. तेही मोजून-मापून. पानाच्या शिरा किती, देठावर लव आहे का, हे चुकवून चालत नाही. कागदात दाबून वाळवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, चित्राचा टिकतो. फूल मात्र तासाभरात मान टाकतं, म्हणून आधी रंग टिपून घ्यायचा आणि बाकीचं मागाहून. ज्यांनी लग्नाच्या रुखवतात फुलं रंगवली आहेत त्यांना यातली घाई कळेल!

आणि ही चित्रं नुसती शोभेची नसतात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ठरतं तेव्हा पुरावा लागतो. जुन्या कितीतरी नावांच्या बाबतीत हा पुरावा म्हणजे एक चित्रच आहे. केरळातल्या झाडांवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ डचांनी १६७८ ते १६९३ या काळात छापला. लिनियस या शास्त्रज्ञाने पुढे आपल्याकडच्या अनेक झाडांना नावं दिली ती त्यातल्या चित्रांच्या आधारावर. या ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे, १६७५ सालचं. माहिती सांगणाऱ्यांची नावं साडेतीनशे वर्षांपूर्वी छापता येत होती म्हणायची! जागा होती तेव्हा.

पुढे इंग्रज अमलात हात आखडले. कलकत्त्याच्या बागेचे प्रमुख रॉक्सबर्ग यांनी अडीच हजारांवर चित्रं काढून घेतली. त्यांतल्या बहुतेक चित्रकारांची नावं मिळत नाहीत. या सगळ्या चित्रांना आज आपण 'कंपनी शैली' म्हणतो. गंमत बघा, पगार देणाऱ्याचं नाव शैलीला आणि काढणारा बिननावाचा.

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. पुण्याजवळच्या दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. तिथले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुढे मुंबई इलाख्याचे वनरक्षक झाले, कोकणातल्या जंगलतोडीबद्दल त्यांनी सरकारला सावध केलं होतं. त्यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस दापोडीतली झाडं एका चित्रकाराकडून काढून घेतली. ही चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिलं. चित्रकाराबद्दल हाती लागतं ते एवढंच, की तो 'पोर्तुगीज-भारतीय' होता. कुठल्या गावचा, घरी कोण होतं, काहीच नाही. आपल्या गोव्याकडचा असेल, असं मला आपलं वाटतं.

सगळेच साहेब सारखे नव्हते, हेही सांगायला हवं. मद्रास इलाख्यातल्या रॉबर्ट वाइट यांनी छापील चित्रांखाली रंगय्या आणि त्यानंतरच्या गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं घातली. १८५३ मध्ये तर एका आमरीला, म्हणजे ऑर्किडला, त्यांनी 'गोविंदूइया' असं नाव दिलं. चित्रकाराच्या नावाने फूल! पण पुढच्या शास्त्रज्ञांना ती आमरी आधीच नाव मिळालेल्या दुसऱ्या गटातली वाटली आणि गोविंदूचं नाव मागे पडलं. शास्त्राच्या नियमाने झालं ते, तक्रार नाही. तरी चुटपुट लागतेच.

बायकांचं काय झालं? विलायतेत फुलं रंगवणं हा घरंदाज बायकांचा छंद मानला जाई. छंद म्हटला की पैसे आणि पद दोन्ही टळतात, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. मटिल्डा स्मिथ या बाई १८७८ पासून क्यूच्या मासिकासाठी चित्रं काढत होत्या, एकूण दोन हजारांहून जास्त काढली. उद्यानाच्या अधिकृत चित्रकार हे पद त्यांना मिळालं १८९८ मध्ये, वीस वर्षांनी. आणि त्या तर उद्यानाच्या संचालकांच्या नात्यातल्या! मग नावच न लिहिलेल्यांत कुणी बाई होती की नव्हती, हे आता कुणी सांगावं?

आज चित्र थोडं बदललंय. बंगळुरूच्या निरुपा राव यांनी पश्चिम घाटातले महावृक्ष रंगवले, २०१८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्यावर लेखकांच्या जोडीने त्यांचंही नाव आहे. कालिंपोंगच्या हेमलता प्रधान तर ही कला इतरांनाही शिकवतात. नाव छापलं की पुढचं काम दारी येतं, शिकायला मुली येतात. 'काम महत्त्वाचं, नाव कशाला' असं म्हणणाऱ्यांचं स्वतःचं नाव बहुधा फलकावर सर्वांत वर असतं.

पुढच्या फलकासाठी आमच्या त्या पोरीला परत विचारणा झाली आहे. या वेळी ती माझ्याकडे आली. मी सांगितलं, सही चित्राच्या आतच कर, कंदाला लागून. म्हणजे कुणाला जागा शोधावी लागणार नाही. मग विचारलं, पैसे किती सांगितलेस? ती लाजत म्हणाली, "एका चित्राचे शंभर रुपये."

म्हटलं, अगं, आधी त्या छपाईवाल्याने मागच्या खेपेला किती घेतले ते विचारून ये. नंबर आहेच फलकावर.