शेतकऱ्याचा कायदा, मास्तरांचा खटला



पोरांना शाळेत काय शिकवावे, हे कोणी ठरवायचे? अमेरिकेत हा वाद थेट कोर्टात गेला.

टेनेसी राज्याच्या विधानसभेत जॉन बटलर नावाचे शेतकरी आमदार होते. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकवले, तर पोरांची बायबलवरची श्रद्धा उडेल, ही त्यांची काळजी. १९२५ साली त्यांनी कायदाच करून घेतला. सरकारी शाळेत हे शिकवणे गुन्हा ठरले!

त्याच जुलैत डेटन गावचे तरुण शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला उभा राहिला. गर्दी आणि उकाडा इतका, की एक दिवस कोर्ट बाहेर आवारात भरवावे लागले. मास्तरांना शंभर डॉलर दंड झाला. १९२७ साली वरच्या कोर्टाने तो रद्द केला. पण कारण एवढेच, की दंडाचा आकडा ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवला होता. कायदा तसाच राहिला. तो रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्कान्सास राज्याचा तसलाच कायदा मोडीत काढला. एखाद्या धर्ममताला पटत नाही म्हणून सरकारला विज्ञानाचा धडा गाळता येणार नाही, हे त्या निकालाचे सार.

बटलरांची काळजी खोटी नव्हती. पण चांगले कणीस पाहून बियाणे राखणाऱ्याला निवड म्हणजे काय हे ठाऊक असतेच. डार्विनने आपल्या ग्रंथाची सुरुवातही पाळीव जनावरे आणि पिके यांच्यापासूनच केली. घरची श्रद्धा घरी जपता येते. शाळेत गाळलेला धडा पोराला कुठे मिळणार?